मदत हवी: दोन ऑर्डरी एकदम आल्या की स्टॉक चुकतोय, टेस्ट मात्र सगळ्या पास

टॉवेल_पेटी
चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी घ्यायचं जँगोमधलं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप आहे. शिल्लक ५ चादरी. दोन गिऱ्हाइकांनी एकाच वेळी ३-३ मागितल्या, दोन्ही ऑर्डरी लागल्या. अ‍ॅप शिल्लक २ दाखवतंय, रॅकवर उलट एक कमी पडतेय. अ‍ॅटॉमिक लावलेलं आहे. टेस्टमध्ये दुसरी ऑर्डर बरोबर नाकारली जाते. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी तोंडावर आलीय, लवकर सांगा की.

होटगी_रोड
जँगोचं व्हर्जन? डेटाबेस कुठला? जँगोच्या टेस्ट क्लासपैकी टेस्टकेस वापरलंय की ट्रान्झॅक्शनटेस्टकेस? शिल्लक वाचता त्या चार ओळी टाका.

कमिट_अण्णा
व्हर्जनचा इथं काय संबंध? दोघांनी ५ वाचले, दोघांनी ५ मधून ३ वजा करून २ लिहिले. अ‍ॅटॉमिक म्हणजे आतलं सगळं एकच व्यवहार (ट्रान्झॅक्शन): सगळं होईल किंवा काहीच नाही, एवढंच. दुसऱ्याला वाचण्यापासून ते अडवत नाही. गेटच्या (शिल्लक वाचणारी कमांड) आधी सिलेक्ट_फॉर_अपडेट लावा, ते टेबलातली मालाची ओळ (रो) लॉक करतं आणि दुसऱ्याला थांबावं लागतं. तुमच्या टेस्टमध्ये ऑर्डरी एकामागोमाग जातात, मग ती पास होणारच.

सात_रस्ता
त्यापेक्षा शिल्लकेला पॉझिटिव्हइंटिजरफील्ड करा. शून्याखाली गेली की डेटाबेसच एरर देतो.

कमिट_अण्णा
शून्याखाली गेलीच कुठं? अ‍ॅप २ दाखवतंय म्हणतायत ना. उणे झालंच नाही तर चेक काय धरणार?

बॅकअप_आधी
रोज रात्री पीजी_डंप घेता का? क्रॉनला लावून टाका.

टॉवेल_पेटी
बॅकअप आहे ओ. अण्णा, सिलेक्ट_फॉर_अपडेट लावलं. टेस्ट पास, आणि सर्व्हरवर आता प्रत्येक ऑर्डरला ५०० (सर्व्हर एरर). ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर येतोय.

होटगी_रोड
म्हणजे गेट अ‍ॅटॉमिकच्या बाहेर आहे. ओळी टाका म्हटलं होतं. गेट, तपासणी, सेव्ह आणि ऑर्डर क्रिएट, चारही एकाच अ‍ॅटॉमिकमध्ये घ्या. टेस्टकेस प्रत्येक टेस्ट स्वतःच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी रोलबॅक करतो (सगळं मागे फिरवतो), म्हणून तिथं ही चूक दिसतच नाही. टेस्टचा डेटाबेस कुठला, ते अजून सांगितलं नाही.

टॉवेल_पेटी
टेस्ट एसक्यूलाइटवर चालतात, सर्व्हरवर पोस्टग्रेस. सांगायचं राहिलं.

होटगी_रोड
हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं मालक. एसक्यूलाइटवर जँगो सिलेक्ट_फॉर_अपडेटकडे चक्क दुर्लक्ष करतो. एररही नाही, लॉकही नाही. टेस्ट पोस्टग्रेसवर न्या. युजरला क्रिएटडीबीचा हक्क द्या, नाहीतर टेस्टचा डेटाबेसच बनणार नाही. दर वेळी नव्याने बनवायला वेळ जातो, तेव्हा कीपडीबी लावा, म्हणजे जुनाच राहतो.

पार्क_चौक
लॉक कशाला एवढे? एकच अपडेट: फिल्टरमध्ये शिल्लक ३ किंवा जास्त, अपडेटमध्ये एफ (डेटाबेसमधल्या चालू आकड्यावरच हिशोब) वापरून वजा ३. किती रो बदलल्या तो आकडा परत येतो. ० आला की माल नाही. दुसरा अपडेट पहिल्याच्या कमिटपर्यंत (बदल पक्का होईपर्यंत) थांबतो आणि अट पुन्हा तपासतो.

कमिट_अण्णा
एका मालाला झकास. पण ऑर्डरीत चादर, टॉवेल, नॅपकिन असे तीन असले आणि तिसरा संपलेला असला, तर पहिले दोन परत फिरवायला अ‍ॅटॉमिक लागतंच. रो आयडीच्या क्रमाने घ्या, नाहीतर एक ऑर्डर चादर धरून टॉवेलची वाट बघेल, दुसरी टॉवेल धरून चादरीची. डेडलॉक. लॉकला तर ऑर्डर_बाय विसरूच नका.

टॉवेल_पेटी
पोस्टग्रेसवर आणलं. दोन ऑर्डरी एकदम चालवायला टेस्टमध्ये थ्रेड लावला, तर म्हणतो चादरच सापडत नाही. डझनोटएक्झिस्ट.

होटगी_रोड
थ्रेडचं कनेक्शन वेगळं, आणि टेस्टकेसमध्ये टाकलेली चादर कमिट झालेलीच नसते. इथं ट्रान्झॅक्शनटेस्टकेसच पाहिजे. तो शेवटी टेबलं रिकामी करतो म्हणून हळू चालतो, असली एक-दोन टेस्टच त्यात ठेवा. मायग्रेशनमधून भरलेला डेटाही पुसला जातो.

टेस्ट अशी: मुख्य थ्रेडमध्ये अ‍ॅटॉमिक उघडा, चादरीची रो लॉक करा, शिल्लक ५ ची २ करून सेव्ह. आता थ्रेडपूल‌एक्झिक्यूटरमधून ३ ची ऑर्डर सोडा. एक सेकंद स्लीप, मग ब्लॉक संपवा. त्यानंतर फ्यूचरचा (सोडलेल्या कामाची पावती) रिझल्ट मागा, तिथं ‘माल कमी’ची एक्सेप्शन आली पाहिजे. साध्या थ्रेडमधली एक्सेप्शन टेस्ट पाडत नाही, म्हणून फ्यूचर. थ्रेडच्या फायनलीत (काहीही झालं तरी चालणारा भाग) कनेक्शन.क्लोज करा, नाहीतर शेवटी टेस्टचा डेटाबेस पुसताना ‘दुसरं कोणी वापरतंय’ म्हणून अडकेल.

सात_रस्ता
स्लीप कशाला? दुसरा थांबलाय एवढं तपासलं की झालं.

होटगी_रोड
नाही. लॉक नसला तरी त्याचं सेव्ह त्या रोवर थांबतंच. फरक एवढाच की तो जुने ५ वाचून थांबलेला असतो आणि नंतर ऑर्डर घेऊन टाकतो. ऑर्डर नाकारली का, तेच बघायचं. आणि सिलेक्ट_फॉर_अपडेट काढून एकदा चालवा. टेस्ट लाल (नापास) झाली नाही तर ती कामाची नाही.

टॉवेल_पेटी
काढलं, लाल. घातलं, हिरवी. लई आभार. आता ऑर्डरीचा एसएमएस ऑन_कमिटमध्ये (कमिटनंतर चालणारं काम) आहे, तो टेस्टमध्ये जातच नाही…

कमिट_अण्णा
टेस्टकेसमध्ये कमिट होतच नाही, तर जाणार कसा? कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स वापरा, एक्झिक्यूट ट्रू करून. ३.२ पासून आहे.

होटगी_रोड
म्हणूनच व्हर्जन विचारत होतो.