मदत हवी आहे: यीस्टच्या बाटलीत हवा सोडली तरी दारूचाच वास येतोय

टॉवेलवाला (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे. शुक्रवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि प्रयोग उलटाच येतोय. दोन बाटल्या केल्यात. एकीच्या तोंडाला फुगा, म्हणजे विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय). दुसरीत माशांच्या टाकीचा पंप लावून हवा सोडलीय, म्हणजे ऑक्सिश्वसन. पुस्तकात सरळ लिहिलंय की ऑक्सिजन असला की साखरेपासून झालेल्या पायरुविक आम्लाचं पुढे तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत) पूर्ण विघटन होतं, नसला की अल्कोहोल. मग हवेच्या बाटलीला दारूचा वास का? फुग्याच्या बाटलीपेक्षा हिचाच वास जास्त मारतोय. तीनदा करून बघितलं. शाळेत दाखवलं तर प्रयोग चुकलाय, दुसरा विषय घे म्हणाले. पोरगी आज जेवली नाही. मी दिवसभर लूमवर असतो, शिक्षण बारावी कॉमर्स. काय चुकतंय ते लवकर सांगा.

जीवशास्त्र_बाई (बुधवार, सकाळी ६:१५)
दादा, यीस्ट कोणतं आणि किती? साखर किती, पाणी किती? पाणी कोमट की गार? बाटल्या कुठे ठेवल्यात? पंप किती तास चालतो? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

हुरडा (सकाळी ७:०२)
यीस्ट कशाला आणता विकत? आपल्याकडची ज्वारी घ्या. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी आंबलेलं असतं. आंबील पोटालाही थंड. मंगळवेढ्याच्या मालदांडीची करा, चव बघा कशी येते. प्रदर्शनात वाटता पण येईल.

टॉवेलवाला (सकाळी ७:३०)
यीस्ट बेकरीतून आणलंय, कोरडं, दाणेदार. साखर घरातली. पाणी साधं. पंप चालूच आहे.

जीवशास्त्र_बाई (सकाळी ७:४४)
साखर किती, ते राहिलंच. चमच्यात सांगितलं तरी चालेल. हुरडा, आंबील उत्तम, पण ताकातून येतात ते लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. आंबटपणा येईल, यांना हवी असलेली तुलना मिळणार नाही.

आकडेमोड (सकाळी ८:१०)
पुस्तकातली मोठी चूक कुणीच सांगत नाहीये. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशी ज्यात ऊर्जा साठवते ते रेणू) हा जुना हिशोब आहे. तो इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंवरून, एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच२चे २ धरून केला होता. आता २.५ आणि १.५ धरतात. १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच२चे ३ आणि थेट मिळणारे ४, एकूण ३२. ग्लायकोलायसिसमधल्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यातल्या, एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत नेण्याचा रस्ता वेगळा असला तर ३०. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हेच शिकवतो.

टॉवेलवाला (सकाळी ८:१५)
सर, मी एटीपीचं विचारलं नाहीये. वासाचं विचारलंय.

पूर्वभाग (सकाळी ८:५०)
एटीपीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. एटीपी १९२९ साली सापडलं. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव भीमावरमचे, तेलुगु माणूस. त्याआधी १९२७ मध्ये याच दोघांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगु बोलतात, पण हे नाव शाळेत कुणी सांगत नाही. मुलीच्या तक्त्यावर एक ओळ टाकाच.

मळीवाला (सकाळी ९:३०)
मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत २६ वर्षं केमिस्ट होतो, निवृत्त आहे. तुमचा पंप फार छोटा पडतोय, बाकी काही नाही. आम्ही मळी पातळ करून आधी लहान टाकीत हवा मारून यीस्ट वाढवायचो. मग मोठ्या फर्मेंटरमध्ये हवा बंद, तिथे दारू. हवा म्हणजे यीस्ट, हवा नाही म्हणजे दारू. मोठा पंप लावा, खाली दगडी बबलर लावा, वास जाईल.

टॉवेलवाला (सकाळी ९:५५)
काका, मोठा पंप कितीला येईल? अर्धा लिटर पाण्याला पाच मोठे चमचे साखर आहे. यीस्टला भरपूर खायला मिळावं म्हणून घातली. आणि पंपाच्या घरघरीने आईला झोप लागत नाही, म्हणून रात्री बंद करतो. सकाळी परत लावतो.

आकडेमोड (सकाळी १०:०१)
रात्रभर बंद? आणि वर "पंप चालूच आहे" लिहिलंत?

टॉवेलवाला (सकाळी १०:०६)
सकाळी लावतोच की. रात्रीचं लिहायला पाहिजे असं वाटलं नाही. चुकलं.

मळीवाला (सकाळी १०:२०)
झालं तर मग. हवा बंद, दारू सुरू. पंप रात्रभर ठेवा, मोठा घ्यायचीही गरज नाही.

जीवशास्त्र_बाई (दुपारी १२:४०)
काका, आदर ठेवून सांगते, पंप रात्रभर ठेवला तरी वास येणार. खरी गोष्ट त्या पाच चमच्यांत आहे.

आधी नुसता ऑक्सिजनचा हिशोब करू. पाच मोठे चमचे म्हणजे साधारण ६० ग्रॅम साखर. ती पूर्ण जाळायला सुमारे ६७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाण्यात एका वेळी विरघळतो किती, तर २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये ४. यीस्ट तो संपवत राहणार आणि पंप थोडा थोडा भरत राहणार. इथवर काकांचं बरोबर.

पण समजा ऑक्सिजन हवा तेवढा दिला, तरी बेकरीचं यीस्ट एवढ्या साखरेत दारूच करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. साखर लिटरमागे एक ग्रॅमच्याही खाली असेल, तेव्हाच ते नीट ऑक्सिश्वसन करतं. तुमची आहे लिटरमागे १२० ग्रॅम. यीस्ट आधी पेशीबाहेर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं, आत घेतं आणि ग्लायकोलायसिस सुसाट सुटतं. पायरुविक आम्ल इतकं साठतं की तंतुकणिकेला पेलत नाही, उरलेलं अल्कोहोलच्या वाटेला लागतं. शिवाय ग्लुकोज मुबलक असलं की तंतुकणिकेतल्या कामाचे कितीतरी जीन्स पेशी दाबून टाकते. ऑक्सिजन दारात उभा असतो, पण आतली भट्टीच मंद केलेली असते.

मळीवाला (दुपारी १:१५)
बाई, पण आमच्याकडे हवा मारल्यावर यीस्ट वाढायचंच. डोळ्यांनी बघितलंय.

जीवशास्त्र_बाई (दुपारी १:३२)
वाढणारच काका, हवेत ते जोमाने वाढतं. पण त्या टाकीतही थोडी दारू व्हायची ना? आणि बेकरीचं यीस्ट बनवणारे मळी एकदम ओततात की थेंबथेंब सोडतात?

मळीवाला (दुपारी २:०५)
थेंबथेंब. एका यीस्टच्या कारखान्यात बघून आलो होतो, तासन् तास मळी हळूहळू सोडतात आणि हवा जबरदस्त. एकदम ओतली तर यीस्ट कमी आणि दारू जास्त होते, असं तिथला माणूस म्हणाला होता. आमच्या यीस्टच्या टाकीलाही वास असायचाच, आम्ही कधी मनावर घेतलं नाही, शेवटी दारूच करायची होती. तुमचं पटलं. साखरेचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

टॉवेलवाला (दुपारी २:२०)
म्हणजे प्रयोग चुकलेला नाही?

जीवशास्त्र_बाई (दुपारी २:२४)
अजिबात नाही. तुमच्या लेकीच्या नाकाने बरोबर पकडलंय. हवेच्या बाटलीचा वास जास्त येतो, कारण बुडबुडे अल्कोहोलची वाफ बाहेर ढकलतात.

धावपटू_सात_रस्ता (दुपारी ३:१०)
लॅक्टिक आम्लाचं कुणी बोललंच नाही. पार्क मैदानावर मुलांना पळवतो मी. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळेच. उपाय म्हणजे लिंबूपाणी आणि गूळ.

फिजिओ (दुपारी ३:४५)
दादा, हे चुकीचं पसरलेलं आहे. पळताना लॅक्टेट वाढतं खरं, पण थांबल्यावर तास-दीड तासात ते उतरतं. हृदय आणि यकृत ते वापरून टाकतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि सुजेचं असतं. लिंबूपाणी उन्हासाठी जरूर द्या.

धावपटू_सात_रस्ता (दुपारी ३:५८)
माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

फिजिओ (दुपारी ४:०२)
दुखण्याचा अनुभव खराच आहे, कारण वेगळं आहे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते. इथे यांना शुक्रवार गाठायचाय.

टॉवेलवाला (दुपारी ४:३०)
लूमवरून लिहितोय. बाई, यीस्ट असं का करतं? दारू करून त्याला काय मिळतं? मुलगी हेच विचारणार.

जीवशास्त्र_बाई (संध्याकाळी ५:१०)
अल्कोहोलच्या वाटेने एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळतात, पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. पण दोनवाली वाट फार वेगवान आहे. पिकलेल्या द्राक्षावर किंवा फुटलेल्या डाळिंबावर यीस्ट एकटं नसतं, शेकडो जिवाणू त्याच साखरेवर टपलेले असतात. यीस्ट भराभर साखर उचलतं आणि अल्कोहोल सोडतं. ते बाकीच्यांना सोसत नाही. साखर संपली की ऑक्सिजन असेल तर तेच अल्कोहोल परत आत घेऊन तंतुकणिकेत जाळतं. शेजाऱ्याच्या आधी शेतातलं उचलून आपल्या जमिनीखालच्या पेवात टाकावं आणि मग निवांत खावं, तसं.

हे एकटं यीस्टच करतं असंही नाही. हर्बर्ट क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये हे कर्करोगाच्या गाठींच्या पेशींत पाहिलं होतं. ऑक्सिजन असूनही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात, हे ओटो वारबुर्ग यांनी त्याआधीच दाखवलं होतं. तुमच्या पुस्तकातही आहे बघा, लोहित रक्तकणिका ऑक्सिजन असताना विनॉक्सिश्वसन करतात. त्यांच्याकडे तंतुकणिकाच नसतात.

हुरडा (संध्याकाळी ५:४०)
पेवाचं उदाहरण आवडलं. आमच्या आज्याचं पेव होतं, पाऊस आत गेला की ज्वारीला असाच आंबूस वास यायचा. उघडल्यावर लगेच उतरू देत नसत, आधी कंदील सोडून बघायचे.

मळीवाला (संध्याकाळी ५:५५)
कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणून. फर्मेंटर धुवायला उतरतानाही तीच काळजी. टॉवेलवाले, फुग्याच्या बाटलीला कधी बूच मारू नका, फुटेल.

टॉवेलवाला (रात्री ९:२०)
कारण समजलं, पण प्रदर्शनात लोक वास घेऊन काय बघणार? ऑक्सिजनचा उपयोग डोळ्यांना दिसेल असं काही आहे का? उद्याचाच दिवस आहे.

जीवशास्त्र_बाई (रात्री ९:४८)
आहे. पंप आणला त्याच दुकानात मेथिलीन ब्ल्यू मागा. माशांच्या बुरशीवरचं औषध म्हणून मिळतं, निळी बाटली. कोमट पाण्यात यीस्ट दाट कालवा, एक चमचा ग्लुकोज पावडर घाला, अर्धा तास ठेवा. मग तीन परीक्षानळ्या किंवा इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या. पहिलीत हे यीस्ट. दुसरीत हेच यीस्ट खळखळून उकळून गार केलेलं. तिसरीत नुसतं ग्लुकोजचं पाणी. प्रत्येकीत निळ्याचे दोन-तीनच थेंब, हलवा आणि कोमट पाण्याच्या भांड्यात उभ्या करा. सकाळची थंडी आहे, गार राहिलं तर फार वेळ लागेल.

पेशी ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून एनएडीएचवर ठेवते. ते शेवटी कुणीतरी घ्यावे लागतात. एरवी ऑक्सिजन घेतो आणि पाणी होतं. इथे ते निळा रंग घेतो आणि रंगहीन होतो. हलवून हवा मिसळली की ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, रंग परत निळा. हातमोजे घाला, डाग लवकर निघत नाहीत.

टॉवेलवाला (गुरुवार, रात्री १०:३०)
झालं! तिनं स्वतः केलं, मी फक्त पाणी गरम केलं. पहिल्यांदा निळं जास्त पडलं, वीस मिनिटं काहीच हललं नाही. परत केलं, तीन थेंब. सातव्या मिनिटाला नळी खालून फिकट व्हायला लागली आणि नंतर पूर्ण दुधाळ, पिठाच्या पाण्यासारखी. पण वर, पाणी हवेला लागतं तिथे, बांगडीएवढी बारीक निळी कड तशीच राहिली. अंगठा लावून हलवली तर सगळी नळी निळी. ठेवली तर परत दुधाळ. आईने पण चष्मा लावून दोनदा हलवून घेतली. उकळलेली आणि ग्लुकोजवाली, दोन्ही निळ्याच आहेत. ती कड का राहते, असं मुलगी विचारतेय.

जीवशास्त्र_बाई (रात्री १०:४१)
तिला विचारा, तिथे काय लागून आहे?

टॉवेलवाला (रात्री १०:४६)
हवा, म्हणाली. वरून ऑक्सिजन सारखा येतोय, म्हणून रंग हरत नाही. तिनेच सांगितलं, मी फक्त टाइप केलं. दोन्ही बाटल्या पण ठेवणार आहोत, वर लिहिलंय "ऑक्सिजन असूनही अल्कोहोल का?" सुब्बारावांची ओळ पण टाकलीय. आता एकच, तक्त्यावर ३८ लिहू की ३२?

आकडेमोड (रात्री १०:५०)
३० ते ३२ लिहा आणि कंसात पाठ्यपुस्तकातला ३८. कुणी विचारलं तर माझा वरचा हिशोब तिच्याकडून दोनदा म्हणून घ्या. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच.

मळीवाला (रात्री १०:५८)
नळ्या रिक्षातून नेणार ना? रस्त्याने हिसके बसून सगळ्या निळ्या होतील, पोरगी घाबरेल. थर्मासमध्ये कोमट पाणी न्या. पोचल्यावर त्यात उभ्या करा आणि परीक्षक यायच्या आधी पंधरा मिनिटं कुणाला हात लावू देऊ नका.