चावी काढली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो. रिलेत नक्की काय चुकलंय?

रंकाळा_एस्टीम
मंडळी, आठ दिवस डोकं लावतोय, काही कळंना झालंय. जरा बघा.

९७ ची एस्टीम आहे, वडिलांची. मूळची कार्ब्युरेटरवाली. दिवाळीपासून तिच्यात नंतरच्या मॉडेलचं एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवतोय आणि कंपनीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) न घेता अर्दुइनो मेगा या छोट्या कंट्रोलरवर चालणारा ओपन-सोर्स बोर्ड लावलाय. बोर्ड मीच सोल्डर केला, हार्नेसही (तारांचा जुडगा) घरीच बांधला, जेवणाच्या टेबलावर. (आईनं तीन आठवडे सगळ्यांना खाली पाट मांडून वाढलं.)

गाडी चालते झकास. भानगड बंद केल्यावरची. चावी काढली की इंजिन लगेच बंद पडतं, मग टक्क असा आवाज येतो आणि पंखा सुरू. इंजिन गार असलं तरी. एवढंच काय, बॅटरीची तार जोडताक्षणीच पंखा फिरतो, चावी खिशात असताना! आणि चावी लावून चालू केली की थांबतो. सगळं उलटंच.

रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दोनदा बदलला. फॅनचा रिले उपसला की पंखा थांबतो, हे ठीक. पण त्याबरोबर ईसीयूच्या बोर्डावरचा मिणमिणता एलईडीही विझतो. पंख्याच्या रिलेचा आणि त्या दिव्याचा काय संबंध? चावी बंद असताना ईसीयूच्या १२ व्होल्टच्या पिनवर मीटर ४.१ व्होल्ट दाखवतो. बॅटरी १२.५.

वायरिंग अशी (आकडे रिलेच्या पिनांचे; ८५-८६ मध्ये रिलेची कॉइल, तिला करंट मिळाला की ३० आणि ८७ जोडले जातात): मेन रिलेच्या ३० वर बॅटरी, ८६ वर चावी, ८५ अर्थला (बॅटरीच्या मायनसला), ८७ वरून ईसीयू, इंजेक्टर आणि इग्निशन कॉइल. फॅन रिलेच्या ३० वर फ्यूजमधून थेट बॅटरी, ८७ वरून पंखा, ८५ ईसीयूकडे. ८६ ला ३० वरूनच छोटा जंपर (जोडतारेचा तुकडा) मारलाय, एक तार वाचली म्हणून.

घाटमाथा_७
नॉर्मल आहे भावा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ चालतो, इंजिन गार व्हायला.

रंकाळा_एस्टीम
गार इंजिनला गार करतोय होय? रात्रभर ठेवला तर सकाळी बॅटरी झोपते.

सोल्डर_आणि_चहा
हा बॅकफीड आहे, उलटा सप्लाय. फॅन रिलेमधून तुमच्या ईसीयूत करंट शिरतोय. ८५ च्या तारेत एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाका, त्यावरची पट्टी, म्हणजे करंट बाहेर पडतो ती बाजू, ईसीयूकडे. पाच रुपयांत काम होईल.

तारवाले_सातारा
वरच्या पोराचं निदान बरोबर, औषध चूक. सांगतो.

मी एकतीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. ईसीयूमधलं मला फारसं कळत नाही, पण रिले कळतो. तू ८६ ला जंपर मारलास तिथंच सगळं रामायण आहे. ईसीयू पंखा चालवताना प्लस देत नाही, ८५ ला अर्थ देतो. म्हणजे तुझ्या फॅन रिलेच्या कॉइलच्या एका टोकाला चोवीस तास बॅटरी, दुसरं टोक ईसीयूच्या पिनवर. चावी चालू असताना ईसीयूतही बारा, कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून पंखा गप्प. चावी काढलीस की ईसीयूची सप्लाय लाईन रिकामी होते. रिले सुटताना कॉइल जो झटका मारते तो जिरवायला बऱ्याच बोर्डांत त्या आउटपुट पिनपासून १२ व्होल्टच्या लाईनकडे डायोड असतो. तुझ्याही बोर्डाच्या सर्किट-नकाशात बघ, असणार. त्या वाटेनं बॅटरीचा करंट ८६ मधून कॉइल, कॉइलमधून ईसीयूची पिन, पिनेवरून डायोड आणि तिथून ईसीयूच्या सप्लायवर. बोर्ड अर्धवट जागा होतो, म्हणून दिवा मिणमिणतो. आणि बोर्ड जेवढा करंट खातो तेवढा कॉइलमधूनच जातो, म्हणून रिले ओढला जातो, म्हणजे लागतो.

हिशोब करून बघ. साडेबारातून डायोडचे ०.७ वजा, ईसीयूवर दिसणारे ४.१ वजा. राहिले ७.७, ते कॉइलवर. कॉइलचे ओहम मोजलेस का? साधारण ऐंशी असतील तर नव्वद-पंचाण्णव मिलिअँपिअर. बारा व्होल्टचा रिले ओढायला एवढं पुरतं. एकदा ओढला की धरून ठेवायला त्याहून खूप कमी लागतं.

आता तो डायोड. ८५ मधून ईसीयूकडे जाणारा करंट पंखा नीट चालतो तेव्हाही त्याच दिशेनं जातो आणि ही खोडी होते तेव्हाही त्याच दिशेनं. पट्टी ईसीयूकडे केलीस तर दोन्ही जाणार, उलटी केलीस तर दोन्ही अडणार आणि पंखा कधीच लागणार नाही.

जंपर काढ. ८६ ला मेन रिलेच्या ८७ वरून तार आण. बस्स. ३० वर थेट बॅटरी राहू दे, तिचा दोष नाही.

आणि मीटरवर फार विसंबू नकोस. तिथं ४.१ दिसतात त्या जागी पाच वॉटचा बल्ब लावून बघ. पेटणार नाही, व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येईल. म्हणजे मध्ये कुठंतरी अडथळा आहे, ती खरी सप्लाय नव्हे. मी अजून आधी बल्बच लावतो, मीटर मागाहून.

सोल्डर_आणि_चहा
काका, कान पकडले. दिशा बघायचीच राहिली.

रंकाळा_एस्टीम
कॉइल ८२ ओहम! नकाशात डायोडही सापडला. काल रात्री साडेदहाला जंपर कापला, मेन रिलेवरून तार ओढली. चावी काढली, सगळं शांत. दोन मिनिटं बॉनेटला कान लावून उभा होतो.

पण आज नवीन. गाडी गरम झाली, ९२ ला पंखा लागला आणि रिले टकटक टकटक करायला लागला. पंखा लागतो, लॅपटॉपवर तापमान एकदम ८४ दिसतं, पंखा बंद, लगेच पुन्हा ९२. आधी चावी चालू असताना पंखा एवढा वेळ चालू राहू दिलाच नव्हता, त्यामुळे दिसलं नसेल.

तारवाले_सातारा
पाणी एका सेकंदात आठ डिग्री गार होत नाही, तेव्हा सेन्सर खोटं बोलतोय. त्याची अर्थ कुठं दिलीस?

रंकाळा_एस्टीम
रेडिएटरच्या पट्टीवर. पंख्याची अर्थ होती त्याच बोल्टला.

तारवाले_सातारा
घे. पंख्याचे आठ-दहा अँपिअर त्या बोल्टमधून जातात. बोल्टखाली रंग असेल किंवा गंज, तर तिथं अर्धा व्होल्ट सहज उभा राहतो. तो सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये मिसळतो. हा सेन्सर गार असताना व्होल्टेज जास्त देतो, त्यामुळे ईसीयूला वाटतं पाणी गार झालं. पंखा बंद केला की अर्धा व्होल्ट गेला, पुन्हा गरम.

सेन्सरची अर्थ थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनवर ने, बॉडीला कुठंही टेकवू नकोस. पंख्याच्या बोल्टखालचा रंग मात्र खरवडून काढ. पंखा चालू ठेवून बॅटरीचं मायनस आणि तो बोल्ट यांच्यात मीटर लाव. ०.२ च्या वर दिसलं तर अजून घास.

रंकाळा_एस्टीम
घासायच्या आधी ०.५५ होतं, आता ०.०८. सेन्सरची वेगळी तार ओढली. ९२ ला पंखा लागतो, ८८ ला सुटतो, टकटक नाही. काका, साताऱ्यात आलो की कंदी पेढे माझ्याकडून, तुमच्याच गावचे असले तरी.

आई विचारतेय, टेबल मोकळं झालं का. अजून दोन रिले आणि हॉर्नची तार तिथंच पडली आहे.