जांभ्याच्या चिऱ्याचं घर, तीन हजारांचं बजेट: कोणता राउटर घ्यावा?

पडवीतून

नमस्कार. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, वाडीवर आहे. जुनं घर. भिंती सगळ्या जांभ्याच्या चिऱ्याच्या, फूटभराहून जाड. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. माजघराच्या वर फळ्यांची माडी, तिच्यावर कौलं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून करते, आणि माझी बैठक माडीवर, कारण दिवसा तेवढीच जागा शांत मिळते.

फायबर आलं तेव्हा जोडणीवाल्याने वायफायचा बॉक्स ओटीवरच लावून दिला, कारण वायर तिथूनच आत येते. प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओटीवर मोबाइलला ५५-६० मिळतात. सासरे तिथेच बसून मस्कतला दिरांशी व्हिडिओवर बोलतात, त्यांना काहीच अडचण नाही. माजघरात टीव्ही मधूनमधून गोल फिरत राहतो. आणि माडीवर ३-४ एमबीपीएस, तेही धड नाही. ऑफिसचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित जोडणी) तासात चार वेळा तुटतं. मार्चअखेरचं काम तोंडावर आलंय, त्यामुळे आता हे निकालात काढायलाच हवं.

बाजारातला दुकानदार म्हणतो, सहा अँटेनावाला मोठा राउटर घ्या, साडेचार हजारांचा, भिंत भेदून जाईल. भाचा म्हणतो, बाराशेचा रेंज एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, भिंतीतल्या सॉकेटात खोचला की झालं. माझ्याकडे यासाठी तीन हजार आहेत. लॅपटॉप, चार मोबाइल, एक टीव्ही आणि फाटकावर एक कॅमेरा, एवढीच साधनं. बॉक्सवर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे, नेटवर्कचं एकच नाव दिसतं. काय घेऊ?

तारजोडणी

ताई, मी चिपळूणला नेटच्या जोडणीचंच काम करतो आणि चिऱ्याच्या घरांतून बराच फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साडेचार हजारांचा राउटर कृपा करून घेऊ नका. आणि एक्स्टेंडरही नको. तुमचं काम तीन हजारांच्या आत होईल, पण त्यातले थोडे पैसे वायरीवर खर्च करावे लागतील.

आधी दुखणं कुठे आहे ते बघू. २.४ च्या बँडवर (बँड म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा) ओटीवर ५५-६० मिळतात म्हणजे लाइन ठीक दिसते. त्या बँडला प्रत्यक्षात साधारण एवढंच निघतं. खात्री करायची तर लॅपटॉप ओटीवर नेऊन वायरीने बॉक्सला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. ९० च्या पुढे आकडा आला तर कंपनीकडून पुरेपूर येतंय, अडतंय ते घरातच. तासभर व्हीपीएनही तसंच चालवून बघा. वायरीवरही तुटलं तर मात्र राउटर बदलून काही होणार नाही, आधी जोडणीवाल्याला बोलवा.

आता चिरा. विटांच्या पातळ भिंतीतून सिग्नल बऱ्यापैकी जातो. फूट-दीड फूट जांभ्यातून तो फार कमी होतो, आणि असल्या दोन भिंती लागल्या की हाती काही उरत नाही. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि ओली भिंत लहरी आणखी शोषून घेते. आज फेब्रुवारीत तुम्हाला जे ३-४ मिळतात ते जुलैत मिळतील असं धरू नका. जाड भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झचा बँड तर २.४ पेक्षाही लवकर हरतो. दुकानदार ज्या राउटरचं कौतुक करतो त्याचा सगळा वेग त्या ५ च्या बँडवरच असतो.

सहा अँटेनांचं म्हणाल तर राउटर किती जोरात बोलतो हा निम्माच भाग. तुमच्या मोबाइलला, लॅपटॉपलाही उलट उत्तर द्यायचं असतं, आणि त्यांचा आवाज राउटरपेक्षा बारीक. म्हणून मोठ्या राउटरच्या सिग्नलचे दांडे फुल दिसतात आणि मीटिंगमध्ये तुमचं बोलणं समोरच्याला तुटक ऐकू जातं. हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिलाय की मला त्याचा राग येतो. माणसं गरजेपोटी पैसे घालतात आणि अडचण जिथल्या तिथे राहते.

तुमच्या घरात एक फार चांगली गोष्ट आहे, माडीला फळ्या आहेत. स्लॅब नाही. सुक्या लाकडातून सिग्नल सहज जातो, ५ गिगाहर्ट्झचासुद्धा. त्यामुळे ओटीवरून माडी गाठायची धडपड सोडा. राउटर माजघरात ठेवा, मधल्या तुळईच्या उंचीवर. तिथून टीव्ही समोर आणि माडी डोक्यावर, मध्ये चिऱ्याची एकही भिंत नाही.

पैसे घालण्याआधी ही जागा फुकट तपासता येते. एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो तुळईवर ठेवा. माडीवर लॅपटॉप त्याला जोडा आणि सिग्नलचे दांडे बघा. नेट किती वेगाने चालतं तिकडे लक्ष देऊ नका, तो मोबाइल कंपनीचा विषय. फक्त दांडे बघा. मोबाइलच्या एवढ्याशा अँटेनावर ते भरलेले दिसले तर राउटरला तिथे काहीच अडचण येणार नाही.

राउटर कोणता? एसी१२०० वर्गातला, वायरीचे चारही पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचे) असलेला. टीपी-लिंकचा आर्चर सी६ किंवा टेंडाचा एसी१०, दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळून जातात. खोक्यावरच्या १२०० या आकड्याला भुलू नका. २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ अशी बेरीज वर गोल करून तो छापलेला असतो, आणि एक मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो. बघायचं ते पोर्टकडे. आर्चर सी५० वरही १२००च लिहिलेलं असतं, पण त्याचे पोर्ट १००चे आहेत. तुमच्या आजच्या प्लॅनला तेही पुरतील, ९४-९५ पर्यंत मिळतील. पण उद्या प्लॅन वाढवलात की तोच राउटर आडवा येणार. म्हणून खोक्यावर १०/१००/१००० लिहिलेलं शोधा, फक्त १०/१०० असेल तर ठेवून द्या.

ओटीवरचा बॉक्स काढायचा नाही. त्याच्या लॅन पोर्टमधून वायर घेऊन माजघरातल्या राउटरला द्या आणि राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. सी६ च्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे. मग आयपी (प्रत्येक साधनाचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटायचं काम बॉक्सच करील, राउटर फक्त वायफाय देईल. जोडणीवाल्याचा युजर आयडी, पासवर्ड शोधत बसायची गरज नाही. सासऱ्यांचं ओटीवरचं वायफायही आहे तसं राहील. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे मोबाइल घेऊन आतबाहेर करताना तो आपोआप जवळचा धरेल. २.४ चे चॅनेल मात्र वेगळे द्या, बॉक्सला १ आणि राउटरला ११.

कर्वेनगरकर

वरचा सल्ला उत्तम आहे, फक्त एका मुद्द्यावर माझं मत वेगळं. आता नवीन घेताना एसीच्या पुढच्या पिढीचा, वायफाय ६ चाच घ्यावा. आर्चर एएक्स१० सारखा एएक्स१५०० वर्गातला राउटर बजेटच्या आसपास बसतो. आमच्या इमारतीत मोबाइल उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं दिसतात. वायफाय ६ लावल्यापासून संध्याकाळचं अडखळणं बरंच कमी झालं. शिवाय नव्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट जास्त वर्षं मिळण्याची शक्यता असते आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) मिळतं. बँकेची, कंपनीची कामं घरून करणाऱ्याने हे बघायला हवं.

तारजोडणी

अपडेटचा मुद्दा मान्य. फरक चार-पाचशेचा असेल तर ताईंनी खुशाल एएक्स घ्यावा. पण गर्दीत निभावणं हा वायफाय ६ चा मोठा गुण, आणि वाडीवर गर्दीच नाही. शेजारचं घर दोन कुंपणं पलीकडे. तिथे पुण्यातल्या फ्लॅटएवढा फरक जाणवणार नाही. एएक्स घेतल्यामुळे वायरीला पैसे उरत नसतील तर एसी१२०० घ्या आणि वायर चांगली घ्या.

नेटची वायर कॅट५ई दर्जाची चालेल, त्याच्या वरची कॅट६ मिळाली तर तीच घ्या. पण आत शुद्ध तांबं आहे का ते विचारा. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, दोनदा वाकवली की आतून तुटते. नखाने किंवा ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. प्लग दाबताना आठही तारा नीट बसल्यात हे त्या माणसाकडून टेस्टरवर दाखवून घ्या. चारच तारा लागल्या तरी नेट चालतं, पण १०० वरच, आणि गिगाबिट पोर्टला दिलेले पैसे वाया जातात.

पडवीतून

खूप आभार. हॉटस्पॉट तुळईवर ठेवून बघितला, माडीवर दांडे पूर्ण आहेत. ओटीवर वायरीने ९३ आले, व्हीपीएनही तासभर टिकलं. आता अडचण वेगळीच. भिंतीला भोक पाडायला सासरे तयार नाहीत. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, आणि त्यांचा जीव आहे त्या भिंतीवर, हे मी समजू शकते. मग वायर न्यायची कशी? त्यापेक्षा एक्स्टेंडर लावला तर?

तारजोडणी

भोक नकोच. कौलारू घरात भिंत आढ्यापर्यंत बंद असतेच असं नाही. ओटी आणि माजघराच्या मधल्या भिंतीवर, वाशांच्या खाली, बहुतेक घरांत हात जाईल एवढी फट असते. वायर ओटीच्या कोपऱ्यातून खांबाच्या कडेने वर न्या, त्या फटीतून पलीकडे घ्या आणि तुळईवर उतरवा. १५ मीटरमध्ये होईल, तरी २० घ्या. फट नसेल तर दाराच्या चौकटीच्या वरून किंवा उंबऱ्याच्या कडेने चपटी वायर नेता येते. दोन गोष्टी सांभाळा. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ती घालू नका. आणि वरच्या भागात तिला पीव्हीसी पाइप घाला, माळ्यावरचे उंदीर वायर कुरतडतात आणि मग दोष राउटरला जातो.

एक्स्टेंडर का नको ते सांगतो. त्याला सिग्नल हवेतूनच घ्यायचा आणि हवेतूनच पुढे द्यायचा. एकाच बँडवर दोन्ही करताना वेग जवळपास निम्मा होतो. तुमच्या बॉक्सवर २.४ च आहे, म्हणजे बॉक्सकडून सिग्नल घ्यायला दुसरा बँड नाही. बरं, तो भिंतीपलीकडे खोचला तर त्याला मिळणारच मुळात कमी, आणि जे मिळेल त्याचं निम्मं माडीवर. मीटिंगसाठी, व्हीपीएनसाठी ते चालणार नाही.

राउटर बसवताना दोन अँटेना उभ्या ठेवा आणि दोन आडव्या पाडा. अँटेनाचा जोर तिच्या टोकाकडे नसतो, बाजूंना असतो. सगळ्या उभ्या ठेवल्या तर माजघराला छान मिळेल आणि नेमकी डोक्यावरची माडी कमी पडेल.

निवृत्त_मास्तर

मी कुडाळचा. राउटरचं वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे, मी विजेचं सांगतो.

आपल्याकडे लाइट जाते ती सांगून जात नाही. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर राउटर चालवणारा डबा) मिळतो, हजाराच्या वरखाली. तो घेतलात तर ओटीवरचा बॉक्स आणि माजघरातला राउटर दोन्ही त्यावर हवेत, एकच चालू राहून उपयोग नाही. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. कुठे ९ व्होल्ट असतात, कुठे १२. पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मात्र वेगळा खर्च करू नका, ते दोन सॉकेट त्यावर घ्या.

आणि विजांचं. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात काय विजा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. फायबरची काच वीज वाहून नेत नाही हे खरं. पण खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये बरेचदा आधारासाठी पोलादी तार असते. ती बाहेरच, भिंतीच्या हुकाला थांबवलेली असावी आणि आत फक्त फायबर यावं. जोडणीवाल्याकडून एवढं बघून घ्या. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर सॉकेटमधून उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ताई, फाटकावरचा कॅमेरा वायफायवर आहे की वायरीवर?

पडवीतून

मास्तर, वायफायवरच आहे, ओटीवरच्या बॉक्सला जोडलेला. इन्व्हर्टर आहे, ओटीवरचा सॉकेट त्यावर आहे, माजघरातला नाही. तो घेऊन टाकते. फटीचं खरं निघालं, ओटीच्या डाव्या कोपऱ्यात वाशाखाली चांगली चार बोटं जागा आहे. सासऱ्यांना दाखवली, त्यांनी लगेच शिडी काढून दिली. सी६ आणि २० मीटर कॅट६ रविवारी चिपळूणहून आणते.

एकच विचारायचं राहिलं. पुढे कधी कॅमेरा वायरीवर घ्यायचा झाला तर अंगणातून नेऊ का?

तारजोडणी

तांब्याची वायर अंगणातून नेऊ नका, मास्तरांनी सांगितलेल्या विजांचं कारण तिथेच लागू होतं. बाहेरच्या वायरीतून आलेला झटका आधी राउटर घेतो, मग लॅपटॉपकडे जातो. कॅमेरा वायफायवरच राहू द्या, फाटक ओटीसमोर आहे तोवर त्याला अडचण नाही. ॲक्सेस पॉइंट मोड टाकल्यावर राउटरचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, तेव्हा घाबरू नका. बॉक्सच्या यादीत त्याचा नवा आयपी दिसेल. नाही सापडला तर इथेच लिहा, रविवारी संध्याकाळी मी ऑनलाइन आहे.