मदत हवी आहे : उद्या आठ तास वीज नाही, यूपीएसवर चालेल का?

घाईतली
उद्या सकाळी ९ ते ५ वीज नाही असा मेसेज आत्ता आलाय. इन्व्हर्टर नाहीये आणि एका दिवसासाठी घेणारही नाही, तेव्हा कृपया तो घ्या म्हणून सांगू नका. जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस पडलाय घरात. त्यावर आठ तास चालेल का? जुने धागे चाळले, सगळे मेणबत्त्या आणि पॉवर बँकवर घसरलेत. लवकर सांगा, काही आणायचं असेल तर आत्ताच जावं लागेल.

तिरकस
काय चालेल? जरा इस्कटून सांगा की.
दिवे घ्या. (उद्या लागतीलच.)

जुना तारवाला
यूपीएस किती व्हीएचा (म्हणजे किती लोड पेलतो), आतली बॅटरी किती एएचची (म्हणजे तिच्यात किती वीज साठते), ती किती जुनी आणि त्यावर लावणार काय? चारांतलं एकही लिहिलेलं नाही. उत्तर कशावर द्यायचं?

पावसाळी
इन्व्हर्टर घेऊनच टाका. १५० एएचची बॅटरी, साइन वेव्ह. आमच्याकडे नऊ वर्षं झाली, अजून कटकट नाही. डिस्टिल्ड वॉटर तेवढं वेळेवर घालायचं.

घाईतली
पावसाळी, वर काय लिहिलंय मी?
यूपीएस ६०० व्हीए. बॅटरीवर १२ व्होल्ट ७ एएच असं आहे, दोन वर्षांपूर्वी बदललेली. आणि काय लावणार म्हणजे? गादी!

तिरकस
गादी??

घाईतली
हवेची गादी हो. बाबा अंथरुणावर आहेत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घेतलीय. तिला पंप असतो. मला वाटलं, लिहिलंय मी.

गणित पक्कं
मग सोपं आहे. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. असले पंप ८-१० वॉट खातात. ८४ भागिले ८, साडेदहा तास. निश्चिंत राहा.

जुना तारवाला
कागदावर. बारा व्होल्टची वीज सॉकेटच्या व्होल्टेजला चढवताना यूपीएस स्वतःच बरीच खातो. लोड एवढासा असला की पंपापेक्षा यूपीएसच जास्त खाईल. शिवाय बॅटरी पार निथळायच्या आधी तो बंद पडतो, आणि दोन वर्षांच्या बॅटरीत ७ एएच उरलेले नसतात. मी तीन तासांच्या वर धरणार नाही.
करून बघा ना. आत्ता पंप यूपीएसला लावा, भिंतीवरचं बटण बंद करा, घड्याळ बघा. पंप जास्त घुरघुरतो का, तापतो का, तेही बघा. साध्या यूपीएसच्या विजेची लहर (वेव्ह) भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत नसते, चौकोनी असते, काही पंपांना ती मानवत नाही.

उन्हाचा माणूस
या सगळ्यावर कायमचा इलाज म्हणजे छतावर सोलर. गेल्या वर्षी बसवलं. वीजकपात हा शब्दच विसरलो.

जुना तारवाला
बॅटरी आहे का तुमच्या सोलरला?

उन्हाचा माणूस
नाही, थेट ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या लाइनला जोडलंय. का?

जुना तारवाला
मग वीज गेली की तुमचं सोलरही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला माणूस मरेल. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणाऱ्यांनाही हेच सांगून सांगून थकलो. वर्षभर वीज गेलीच नसेल तुमच्याकडे.

उन्हाचा माणूस
इन्स्टॉलरने असं काही सांगितलं नव्हतं. विचारतो.

पूर्वा सिस्टर
वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. गादीवर एवढं अवलंबून राहू नका. पंप चालू असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच असते, उद्या त्यात अजिबात चुकू नका. अलार्म लावा. दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली एक अशी की टाचा अधांतरी राहतील. टाचेकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि जखम तिथेच होते.
पंप बंद पडला की हवा पंपातूनच मागे निघून जाते. नळ्या पंपापासून काढून टोपण लावता येतं का बघा, काही गाद्यांना दिलेलं असतं. नसेल तर नळ्या दुमडून घट्ट बांधा. हवा किती वेळ टिकते ते गादीगणिक वेगळं, आजच बघून ठेवा. खाली नुसता पलंग आहे की फोमची गादी?

घाईतली
फोमची आहे खाली. टोपण दिसत नाही, नळ्या दुमडून बघते. कूस मी बदलते हो, पण उद्या दुपारी दोन तास घरी फक्त आई.

पूर्वा सिस्टर
मग यूपीएस त्या दोन तासांसाठी राखून ठेवा. तुम्ही घरी असाल तेव्हा पंपाशिवाय भागवा.

तिरकस
हे आवडलं. +१

पावसाळी
आणि मेणबत्त्या आणून ठेवा.

गणित पक्कं
सकाळी ९ ते ५ला मेणबत्त्या?

पावसाळी
पाच म्हणतात आणि आठ वाजवतात. अनुभव आहे.

पूर्वा सिस्टर
स्वतः उठू न शकणाऱ्या माणसाच्या खोलीत मेणबत्ती नको. टॉर्च पाण्याच्या बाटलीखाली उभा करा, खोलीभर उजेड पसरतो. आणि घाईतली, बाबांची फ्रिजमध्ये ठेवायची काही औषधं आहेत का?

घाईतली
इन्सुलिन आहे. पण फ्रिज आठ तास थंड राहतोच ना?

पूर्वा सिस्टर
हे पण आत्ता सांगताय!
दार न उघडता साधारण चार तास धरा. इन्सुलिनचं वापरातलं पेन बाहेर राहिलं तरी चालतं, बहुतेक इन्सुलिनना खोली ३० अंशांच्या आत असेल तर सुमारे चार आठवडे. तुमच्या खोक्यावरचा कागद वाचा. न उघडलेली पेनं तेवढी सकाळी थर्मासमध्ये ठेवा, जेल पॅक फडक्यात गुंडाळून. बर्फाला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी फेकायचं.

जुना तारवाला
टाकीत पाणी रात्रीच चढवून ठेवा. उद्या ९च्या आसपास कुणी लिफ्टमध्ये शिरू नका. वीज गेली की फ्रिज-टीव्हीची बटणं बंद, आली की पाच मिनिटं थांबून मग चालू.

घाईतली
२ तास ४० मिनिटं चालला!! नळ्या दुमडून रबरबँड लावलं तर तासाभरात गादी थोडीच सैल झाली.

गणित पक्कं
साडेदहा नाही, पण...

जुना तारवाला
पण काही नाही. बॅटरी आता रिकामी आहे, आत्ताच्या आत्ता चार्जिंगला लावा. रात्रभर लागेल तिला.

घाईतली
अय्या. लावते.

घाईतली
(दुसऱ्या दिवशी) ९:२० ला गेली. सकाळी सगळं ठीक, टाचा अधांतरी. आता मी ऑफिसात, आईचा फोन : यूपीएस सारखा टीं टीं करतोय, बाबा वैतागलेत. आवाज बंद कसा करायचा?

पावसाळी
पुढचं बटण दाबा.

जुना तारवाला
दाबू नका! काहींत आवाज बंद होतो, काहींत अख्खा यूपीएस. वर उशी-बिशी पण नको, तापेल. शेजारच्या खोलीत ठेवून एक्स्टेन्शन ओढा.

घाईतली
दाबलं आईने. सगळंच बंद झालं. परत दाबल्यावर चालू झालं. आणि टीं टीं पण.