‘म्या सांगतलं’ : कर्त्याला तृतीया का लागते?

प्रश्न : आमची आजी यवतमाळकडची. ‘म्या सांगतलं व्हतं तुले’ असं बोलते. शाळेत मी निबंधात एकदा ‘म्या’ लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने खोडून ‘मी’ केलं. ‘म्या’ हे ‘मी’चं बिघडलेलं रूप आहे का?

उत्तर : बिघडलेलं अजिबात नाही. ती ‘मी’ची तृतीया आहे. संस्कृत ‘मया’, प्राकृत ‘मए’, जुन्या मराठीत ‘म्यां’. ज्ञानेश्वरीत हे रूप जागोजागी भेटतं. ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणताना रामाला आपण ‘ने’ लावतो, पण स्वतःवर आलं की नुसतं ‘मी खाल्ला’. प्रमाण मराठीने इथलं चिन्ह पुसून टाकलं, आजीने ते जपलं.

चिन्ह गेलं तरी क्रियापदाला सगळं आठवतंय. बाई असो की पुरुष, ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’. क्रियापद पोळीचं आणि आंब्याचं ऐकतं, माझं नाही. कोकणीत हे उघड दिसतं : एरवी ‘हांव’, पण ‘हांवें आंबो खालो’. हिंदीत ‘मैंने’. नेपाळीची गंमत वेगळी. ‘मैले भात खाएँ’ यात कर्त्याला ‘ले’ लागतोच, तरी ‘खाएँ’ हे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं.

मूळ आहे ‘रामेण फलं खादितम्’ या धर्तीच्या वाक्यात, म्हणजे रामाकडून फळ खाल्लं गेलं. पाणिनीचं सूत्रच आहे : ‘कर्तृकरणयोस्तृतीया’. करणारा आणि साधन, दोघांना तृतीया. म्हणून आजही ‘आईने विळीने कांदा चिरला’ यात दोन ‘ने’ शेजारी शेजारी बसतात आणि कुणाचा घोळ होत नाही. कर्ता म्हणजे प्रथमा, हे शाळेतलं समीकरण मला म्हणूनच खटकतं. कर्ता हे वाक्यातलं काम आहे, प्रथमा हा नामाचा वेश.

प्रश्न : मग ‘ती साडी नेसली’ यात ‘ने’ का नाही? साडी हे कर्म आहे ना?

उत्तर : आहे. ‘मी मराठी शिकलो’, ‘तो निरोप विसरला’ हीसुद्धा त्याच पंगतीतली. शिकलेलं डोक्यात राहतं, नेसलेली साडी अंगावर, म्हणजे क्रिया फिरून कर्त्यापाशीच येते, असं एक स्पष्टीकरण देता येतं. मला ते आवडतं, पण ‘खाणे’ त्यात बसत नाही. खाल्लेलं पोटातच जातं, तरी ‘त्याने खाल्लं’. शिवाय ‘तिने साडी नेसली’ही सर्रास ऐकू येतं.

आणखी एक वाचक : जॉर्जियन भाषेत तर एकाच ‘माणसा’ला तीन रूपं. माणूस पत्र लिहितो तेव्हा ‘कात्सी’, त्याने लिहिलं तेव्हा ‘कात्समा’, आणि त्याने लिहिलंय असं दिसतं किंवा कळतं, तेव्हा ‘कात्सस’. हे तिसरं रूप म्हणजे त्यांची चतुर्थी! बास्क भाषेत काळाचा संबंधच नाही. माणूस आला तर ‘गिसोना’, पण काही खाणार असेल, खात असेल किंवा खाल्लं असेल, तर ‘गिसोनाक’.

उत्तर : चतुर्थीचा कर्ता आपल्याही ओळखीचा. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आंबा आवडतो’. आइसलँडिकमध्ये थंडी वाजली की ‘मेर एर काल्त’, आणि ‘मेर’ म्हणजे ‘मला’च. जे आपण करत नाही, जे आपल्याला होतं, तिथे प्रथमा टाळावी, असं इतक्या दूरच्या दोन भाषांना वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता : काल आजीची दोन वाक्यं टिपून घेतली. ‘मी बाजारातून आली’ आणि ‘म्या भाजी आनली’.

उत्तर : दोन्ही रूपं आपापल्या जागी, आणि ‘आनली’ भाजीप्रमाणे. आता आजी ‘तू’च्या तृतीयेला ‘त्वा’ म्हणतात का, तेही ऐका.