मदत हवी तर आधी बाटली भरून द्या?

टँपाकर: इथे फ्लोरिडात ऑफिसमधे लंचला परत तोच वाद, म्हणे सरकारी मदत घेणारे आमच्या टॅक्सवर जगतात तर त्यांची ड्रग टेस्ट (लघवी तपासून) झालीच पाहिजे. हे आधी करून बघितलेलं ना?

जुनाखोड: हो की, २०११ ला, रिक स्कॉट गव्हर्नर होता. लेकुरवाळ्या गरीब घरांना जी रोख मदत मिळते तिच्यासाठी अर्ज केला की आधी स्वतःच्या खिशातून टेस्ट, २५ ते ४५ डॉलर, पास झालात तर परत. आता ज्याच्याकडे दुधाला पैसे नाहीत तो हे कुठून भरणार, पण असो. ४,०८६ जणांची टेस्ट, नापास १०८, त्यातही बहुतेक गांजावाले. डोंगर पोखरून उंदीर!

टँपाकर: मग बंद कोणी केलं?

पाटीपेन्सिल: कोर्टाने. नेव्हीत राहिलेला एक बाप, कॉलेज करत होता, पोरगा लहान, म्हणाला नाही देत टेस्ट जा. संशय नसताना झडती घेणं राज्यघटनेत बसत नाही म्हणून ऑक्टोबर २०११ लाच स्थगिती, २०१४ ला अपिलातही सरकार हरलं.

जुनाखोड: संशय असेल तरच टेस्ट, असे कायदे मात्र बऱ्याच राज्यांनी केलेत हां.

खोडसाळ: सबसिडी खाणाऱ्या कंपन्यांच्या साहेबांकडे कोण जातं बाटली घेऊन? 😄