सिकलसेलचा मुलगा, दुखतो गुडघा आणि एमआरआय सांगितला खुब्याचा. करावा का?

ब्रह्मपुरीची_आई

नमस्कार. माझा मुलगा १० वर्षांचा, पाचवीत आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-बाप दोघांकडूनही आलेला. हायड्रॉक्सीयुरिया आणि फोलिक ॲसिड सुरू आहे, त्यामुळे आता पूर्वीसारखं सारखं भरती करावं लागत नाही. पण दिवाळीपासून डावा गुडघा दुखते म्हणून राहिला. हे त्याचं नेहमीचं दुखणं नाही. नेहमीचं आलं की हात, पाय, पाठ सगळंच धरते, पोरगं रडून रडून हैराण होते आणि चार-सहा दिवसांत उतरते. हे मात्र उतरतच नाही. सकाळी बरा असतो, शाळेतून येताना लंगडतो. विचारलं तर "काही नाही" म्हणून बाहेर पळतो.

इथल्या एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. नॉर्मल. म्हणाले वाढीचं दुखणं आहे. पीटीचे सर म्हणतात, कवायत आली की बरोबर याचा पाय दुखतो. सासूबाई तेल चोळून देतात, शेजारच्या ताई बर्फ लाव म्हणतात. मग सिकलसेलच्या डे केअर सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी त्याला उताणं झोपवून पाय मुडपला आणि आत-बाहेर फिरवून पाहिला, तेव्हा तो असा कळवळला की मीच घाबरली. त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढला. त्यातही विशेष नाही, तरी एमआरआय करा म्हणाल्या.

घरचे म्हणतात, दुखते गुडघा, फोटोत काही नाही, मग खुब्याचा एमआरआय काहून? नागपूरला जायचं म्हणजे यांची मजुरी बुडते. कोणाच्या मुलाला असं झालं आहे का?

एसएस_नागपूरकर

ताई, करा. पुढे ढकलू नका.

मी स्वतः एसएस, वय ३४, उजवा खुबा बदललेला. लहानपणी मीही गुडघाच दाखवायची. खुबा आणि गुडघा यांच्याकडे जाणाऱ्या काही नसा (मज्जातंतू) एकच आहेत, त्यामुळे बिघाड वर असतो आणि मूल बोट खाली ठेवतं. आमच्या मुलांच्या बाबतीत हे प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक मास्तरला पाठ पाहिजे: गुडघा दुखतो म्हटलं की खुबा तपासा.

होतं काय, की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी तिथे अडकल्या की गोळ्याचा तेवढा भाग मरतो. त्याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला हाडाचा आकार जसाच्या तसा असतो, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसतं. एक्स-रेत दिसायला लागेपर्यंत बरेचदा गोळा चपटा व्हायला लागलेला असतो. म्हणजे "फोटोत काही नाही" हे ऐकून घरी बसायचं नाही, उलट हीच वेळ आहे.

घरी एक बघा. जेवायला मांडी घालून बसतो का? मी एक पाय लांब करून बसायची आणि पंगतीत मोठ्या माणसांचा ओरडा खायची, "पाय घे आत, पोरीच्या जातीला शोभत नाही." पाय आत येतच नव्हता, बाप्पा! पँट घालताना भिंत धरतो का, शौचाला उकिडवं बसताना एक टाच उचलतो का, हेही बघा. आणि जे दिसेल ते मॅडमना सांगा. ते "दुखतं का" या प्रश्नापेक्षा खरं असतं, कारण आपली मुलं सुईच्या भीतीने दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

एमआरआय दोन्ही खुब्यांचा मागा. हे पुष्कळदा दोन्हीकडे होतं, एक आधी बोलतो इतकंच.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर सिकलसेल रुग्णाला एसटीत सवलत आहे, प्रमाणपत्र सोबत ठेवा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. ते प्रमाणपत्र काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयात अर्ज करून टाका. पीटीच्या सरांचं तोंड त्याने लवकर बंद होईल.

कसरतवाला

फिजिओथेरपिस्ट आहे, अशी मुलं रोज बघतो. वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

१० वर्षांच्या मुलाच्या हाडाची वाढ शिल्लक असते. मेलेला भाग झिजून जातो आणि तिथे नवं हाड भरतं, मोठ्या माणसापेक्षा मुलांमध्ये ही शक्यता चांगली असते. पण मधल्या काळात गोळा मऊ असतो आणि त्यावर उड्या, धावणं, जड दप्तर पडलं की तो दबतो. दबलेल्या आकारातच पुढे भरला की खुबा आयुष्यभर कुरकुरतो. म्हणून तो काळ सांभाळायचा: कुबड्या, धावणं-उड्या बंद. पलंगावर बांधून मात्र ठेवू नका. झोपून किंवा बसून करायचे व्यायाम, पाय बाजूला उघडण्याची हालचाल टिकवणं, हे रोज. किती भार टाकायचा आणि किती काळ, हे एमआरआय बघून अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील. हायड्रॉक्सीयुरिया बंद करू नका. दुखण्याचे झटके त्याने कमी होतात, पण खुबा वाचेलच अशी हमी ते देत नाही.

दुसरं, ताप. एकाच हाडावर सूज, ती जागा गरम, पाय टेकवत नाही आणि ताप, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेलमध्ये हाडात जंतुसंसर्ग होतो, टायफॉइडच्या कुळातल्या साल्मोनेला जंतूंचाही होतो. तो आणि साधा झटका वरून सारखेच दिसतात. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, घ्यायला सांगा.

एक जाता जाता. खुब्याचा असाच आजार सिकलसेल नसलेल्या मुलांनाही होतो, त्याला पर्थिस म्हणतात आणि एक्स-रे जवळपास तसाच दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आहे, म्हणून तिकडच्या मुलाला पर्थिस म्हणून कागद मिळाला असेल आणि सिकलसेलची चाचणीच झाली नसेल, तर आधी ती करा.

साताऱ्याचा_बाबा

आमचा विषय वेगळा, मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही. पण बर्फाचं वाचून राहवलं नाही. बर्फ आमच्या मुलांना. सांध्यात रक्त उतरतं, गुडघा फुगतो, गरम लागतो. गुडघा सुजायच्या आधीच मुलगा सांगतो, "बाबा, आत मुंग्या येतात." की लगेच फॅक्टर ८ (रक्त गोठवणारा, त्याच्यात कमी असलेला घटक) टोचायचा, मग टॉवेलात गुंडाळून बर्फ आणि विश्रांती. त्याच त्या गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरलं की आतलं अस्तर सुजून कूर्चा खाऊन टाकतं.

सिकलसेलमध्ये गारठ्याने वाहिन्या आकसतात आणि पेशी आणखी अडकतात, असं आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तेव्हा शेजारच्या ताईंना नमस्कार करा आणि बर्फ फ्रिजमध्येच राहू द्या.

गावरान_इलाज

आमच्याकडे एक वैदू पुडी देतो, दुखणं दोन दिवसांत गायब. नंबर हवा तर सांगा.

एसएस_नागपूरकर

@गावरान_इलाज दोन दिवसांत गायब करणाऱ्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड निघतं. स्टेरॉइडमुळे खुब्याचा गोळा धडधाकट माणसाचाही मरतो, आणि सिकलसेलवाल्याला ते सुटलं की झटका येतो तो वेगळाच. नंबर तुमच्यापाशीच ठेवा.

ताई, मेडिकलवरून वेदनाशामकही मनाने आणू नका. आमच्या किडन्या आधीच नाजूक असतात. पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. कोमट शेक चालेल. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण सासूबाईंना म्हणावं पाय ओढायचा नाही, पिळायचा नाही.

ब्रह्मपुरीची_आई

सर्वांचे आभार. काल जेवताना मुद्दाम पाहिलं. डावा पाय लांबच ठेवतो. मी एवढे दिवस समजत होती की टीव्हीकडे तोंड करायला तसा बसतो. यांनाही दाखवलं. सोमवारी सुट्टी टाकतो म्हणाले, नागपूरला निघतो.

कुबड्या घरात आहेत, सासऱ्यांच्या. त्याच कापून लहान केल्या तर चालतील का?

कसरतवाला

लाकडी असतील आणि मूठही खाली-वर करता येत असेल तर चालतील, नाहीतर मुलाच्या मापाच्या घ्या. उभं राहिल्यावर बगल आणि वरची गादी यांत दोन-तीन बोटं जागा हवी, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर जरा वाकलेलं. भार हातांवर टाकायचा, बगलेवर लटकायचं नाही, नाहीतर हाताला मुंग्या येतात. खालचे रबर झिजलेले असतील तर आधी बदला, ओल्या फरशीवर तेच घसरतात.